कामाच्या जागी शिकणे आणि संस्थेची घडण

‘ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग अलीकडे शिक्षकांच्या कानांवर वारंवार पडतो. तो ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संगणक, काचेच्या उंच इमारती आणि दूरची शहरे उभी राहतात. खेड्यातील दोनशिक्षकी शाळेचा या प्रकरणाशी काही संबंध असेल असे कोणास सहसा वाटत नाही. वस्तुतः या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. ज्या व्यवसायात जमीन, कच्चा माल किंवा अंगमेहनत यांपेक्षा काम करणाऱ्याला काय माहीत आहे यावर फळ अवलंबून असते, तो ज्ञानाचा व्यवसाय होय. आणि ज्या देशाच्या संपत्तीत अशा व्यवसायांचा वाटा मोठा, त्याची अर्थव्यवस्था ज्ञानाधिष्ठित. पीटर ड्रकर यांनी १९५९ साली ‘ज्ञानकर्मी’ ही कल्पना मांडली. फ्रिट्झ मॅक्लप या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली अमेरिकेतील ज्ञाननिर्मितीच्या उद्योगांची मोजदाद केली, तेव्हा त्यांत शिक्षणाला प्रमुख स्थान दिले. म्हणजे शिक्षक हा या अर्थव्यवस्थेत बाहेरून आलेला पाहुणा नव्हे. तो तिच्या घरचाच आहे.

परंतु येथे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. शाळा ही मुलांनी शिकण्याची जागा आहे, हे सर्वांना मान्य आहे. शिक्षकाने शिकण्याची जागा कोणती, असे विचारले तर उत्तर मिळते ‘प्रशिक्षण’. म्हणजे शाळा बंद ठेवून तालुक्याच्या ठिकाणी जाणे, तेथे तज्ज्ञांचे ऐकणे, हजेरीपत्रकावर सही करणे आणि परत येणे. काम एका जागी आणि शिकणे दुसऱ्या जागी, अशी ही विभागणी आहे. ती कोठून आली आणि कितपत खरी आहे, याचा विचार गेल्या शंभर वर्षांत उद्योगधंद्यांनी पुष्कळ केला आहे. त्यांतील एक उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम या विभागणीचा उगम पाहू. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली ‘शास्त्रीय व्यवस्थापना’वर ग्रंथ प्रसिद्ध केला. कामगारांच्या हातांत परंपरेने चालत आलेले जे ज्ञान आहे, ते व्यवस्थापनाने गोळा करावे, त्याचे नियम बांधावेत, आणि कामगाराने त्या नियमांनुसार वागावे, असा त्याचा आग्रह होता. विचार करणारे वेगळे आणि करणारे वेगळे. या पद्धतीने उत्पादन वाढले, हे नाकारता येत नाही. तिची छाया मात्र कारखान्यांपुरती राहिली नाही. एखाद्या कार्यालयातून ‘पुढीलप्रमाणे कार्यवाही करावी’ असे पत्र येते, आणि कार्यवाही करताना काय कळले हे विचारण्यास त्या पत्रात जागाच नसते, तेव्हा टेलरसाहेब तेथे अदृश्य रूपाने हजर असतात असे समजावे.

आता ते उदाहरण. आपल्याकडे तहसील कचेरीच्या आसपास ‘झेरॉक्स’ अशी पाटी हमखास दिसते आणि छायाप्रतीलाच आपण झेरॉक्स म्हणतो. ज्या अमेरिकन कंपनीचे हे नाव, तिने १९५९ साली साध्या कागदावर प्रती काढणारे पहिले यशस्वी यंत्र बाजारात आणले. यंत्रे जगभर पसरली, तशी ती बिघडूही लागली. आणि दुरुस्तीसाठी गावोगाव फिरणाऱ्या तंत्रज्ञांचा एक मोठा वर्ग कंपनीत तयार झाला. प्रत्येक तंत्रज्ञाजवळ जाडजूड दुरुस्ती-पुस्तिका असे. यंत्रावर अमुक सांकेतिक क्रमांक दिसला तर अमुक पान उघडा, अमुक तपासा, तमुक बदला, अशी तिची मांडणी होती. पुस्तिका लिहिणारे हुशार होते आणि तंत्रज्ञांनी त्यांच्या पायऱ्यांवरून मुकाट्याने चालावे अशी अपेक्षा होती.

१९८० नंतरच्या दशकात कंपनीच्याच पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ या तंत्रज्ञांबरोबर हिंडू लागला. दूरच्या जमातीत जाऊन राहावे, त्यांचे बोलणेचालणे टिपावे, तसे त्याने या मंडळींचे जीवन टिपले. त्याला असे दिसले की, ही माणसे न्याहारीला एकत्र जमतात, दुपारी जेवताना जमतात, कॉफीच्या निमित्ताने पुन्हा भेटतात. आणि जमली की यंत्रांच्या गोष्टी सांगतात. कोणते यंत्र कसे अडून बसले, पुस्तिकेने कसे फसविले, शेवटी दोष कोठे सापडला. वरवर पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटावा. पगारी माणसे ग्राहकाकडे जाण्याऐवजी गप्पा मारीत बसली आहेत, असे कोणीही हिशेबनीस म्हणाला असता आणि तो वेळ छाटून टाकला असता.

ऑरने एका प्रसंगाचे सविस्तर वर्णन केले आहे. एक यंत्र पुन्हा पुन्हा बंद पडत होते आणि स्वतःचा दोष म्हणून जे सांगत होते ते खरे ठरत नव्हते. तंत्रज्ञाने पुस्तिकेप्रमाणे सर्व केले. उपयोग झाला नाही. मदतीस अधिक अनुभवी विशेषज्ञ आला. त्यालाही उलगडा होईना. यंत्र बदलून देणे हा सोपा मार्ग होता, पण त्याने ग्राहकाचा विश्वास गेला असता. तेव्हा दोघे जण सकाळपासून यंत्रापुढे बसून एकमेकांना पूर्वीचे अनुभव सांगत राहिले. ‘असेच एकदा अमक्या ठिकाणी झाले होते, पण तेथे हे चिन्ह नव्हते,’ अशा प्रकारचे ते बोलणे जेवतानाही चालू होते, आणि दुपारी पुन्हा यंत्रापाशी. एका कथेतील धागा दुसऱ्या कथेतील धाग्याला जुळत गेला, आणि अखेरीस विसंगत वाटणाऱ्या लक्षणांतून एक सुसंगत चित्र उभे राहिले. दोष सापडला. ही कथाही पुढे इतरांना सांगितली गेली आणि त्यांच्या संग्रहात जमा झाली. ऑरचा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. दुरुस्तीचे खरे ज्ञान पुस्तिकेत पूर्ण मावत नाही, ते या मंडळींच्या संवादात राहते आणि तेथेच वाढते, हे त्याचे सांगणे आहे.

हे असे का व्हावे? मायकेल पोलान्यी या तत्त्वचिंतकाने १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला आहे: माणसाला जे येते ते सर्व त्याला शब्दांत सांगता येतेच असे नाही. जपानमधील ओसाका येथे मात्सुशिता कंपनीचे अभियंते १९८५ च्या सुमारास घरगुती पाव भाजण्याचे यंत्र बनवीत होते. पाव बाहेरून करपे आणि आतून कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि कसबी माणसाने मळलेल्या कणकेची क्ष-किरणांनी छायाचित्रेही घेऊन पाहिली, उमज पडेना. शेवटी इकुको तानाका नावाची त्यांची सहकारी शहरातील एका नामांकित हॉटेलच्या मुख्य भटारखानेवाल्याकडे मळणी शिकावयास गेली. कणीक ताणताना तो तिला विशिष्ट पीळ देतो, हे तिच्या लक्षात आले. मग तो पीळ यंत्रात उतरविण्यात आला. त्या कारागिराला ‘तुमचे गुपित काय’ असे विचारले असते तर त्याने पिळाचे नाव घेतले असते की नाही, शंकाच आहे. आपल्या घरची भाकरी थापणारी माउली ‘पिठात पाणी किती?’ या प्रश्नाला ‘लागेल तेवढे’ असे उत्तर देते, ते काही टाळण्यासाठी नव्हे. तिचे माप तिच्या तळहातात आहे.

असे ज्ञान शेजारी राहून मिळते, गोष्टीतून मिळते. आदेशातून मिळत नाही. म्हणूनच संस्थेची घडण कशी आहे, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. माणसे एकमेकांना भेटतील, बोलतील, एकमेकांचे काम पाहतील अशी सोय रचनेतच असेल तर ज्ञान फिरते. नसेल तर प्रत्येकाजवळ थोडे थोडे साठते आणि त्याच्या बदलीबरोबर किंवा निवृत्तीबरोबर नाहीसे होते.

झेरॉक्स कंपनीने पुढे काय केले, तेही बोधप्रद आहे. डेन्व्हर शहरात तंत्रज्ञांना एकमेकांशी बोलण्यासाठी बिनतारी संच देण्यात आले. म्हणजे न्याहारीचे बोलणे दिवसभर चालू राहील अशी व्यवस्था झाली. त्याआधी संशोधकांनी यंत्रदोष ओळखणारा एक संगणकीय कार्यक्रम बनवून तंत्रज्ञांपुढे ठेवला होता. त्यांनी तो पाहून घेतला, पण आपली अडचण निराळी आहे असे कळविले: पुस्तिकेत जे आहे त्यासाठी मदत नको, पुस्तिकेत जे नाही ते हवे. हे ऐकून घेण्याचा शहाणपणा संशोधकांनी दाखविला, याचे मला अधिक कौतुक वाटते. १९९० नंतरच्या काही वर्षांत प्रथम फ्रान्समध्ये आणि मग कॅनडा, अमेरिका व इतर देशांत ‘युरेका’ नावाची पद्धत सुरू झाली. तंत्रज्ञाला कामात सापडलेली युक्ती त्याने थोडक्यात लिहावी. तंत्रज्ञांपैकीच जाणत्यांनी ती पडताळावी. खरी ठरल्यास ती सर्वांसाठी खुली करावी.

या पद्धतीतील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. युक्तीबद्दल रोख बक्षीस द्यावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा खुद्द तंत्रज्ञांचाच कल त्याकडे नव्हता. युक्तीखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे, एवढेच त्यांना हवे होते. पैसे आले असते तर संख्या वाढली असती आणि कस उतरला असता. नाव आले म्हणून प्रत्येकाने जपून लिहिले. दुसरी गोष्ट पडताळणीची. ती वरून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे न देता, ज्यांनी स्वतः यंत्रे उघडली आहेत त्यांच्याकडे दिली. ब्राझीलमधील एक तंत्रज्ञ हजारो डॉलर किमतीचे यंत्र बदलून देण्याच्या बेतात असता, माँट्रिऑलच्या एका व्यवसायबंधूने लिहिलेली नोंद त्याच्या हाती लागली आणि एका डॉलरहूनही कमी किमतीचा जोड बदलून काम भागले, अशी हकीगत या संदर्भात सांगितली जाते. त्या दोघांची कधी गाठ पडली नसेल. पण एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी आला.

यंत्रांची ही कथा शाळेला कशी लागू पडणार, असा आक्षेप कोणी घेईल. मूल म्हणजे यंत्र नव्हे, हे खरेच आहे. पण म्हणूनच पुस्तिकेत न मावणारे ज्ञान शिक्षकाच्या व्यवसायात कितीतरी अधिक असणार. एक उदाहरण घेऊ. ‘पंचवीस’ लिहा म्हटले की पहिली-दुसरीतील कित्येक मुले ५२ लिहितात, कारण कानांवर पाच आधी पडतात आणि वीस मागाहून. ‘एकोणतीस’ म्हटले की ३९ येतात, कारण तीस ऐकू येते आणि ‘एकोण’ची वजाबाकी मुलाच्या ध्यानी येत नाही. ही चूक आळसाची नाही, मराठी संख्यानामांच्या घडणीची आहे. अनेक वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेला ती ठाऊक असते आणि तिच्यावर तिने काही ना काही उपाय योजलेला असतो: कोणी दशकाच्या जुड्या आधी हातात देते, कोणी संख्या म्हणताना बोट डाव्या घरावर ठेवावयास लावते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पर्यायी वाचनरीत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद माजला. मते उदंड मांडली गेली. वर्गावर्गांतील अशा नोंदी वर्षानुवर्षे लिहून, पडताळून ठेवलेल्या असत्या, तर तो वाद अधिक भक्कम भूमीवर झाला असता असे वाटते. ज्या शिक्षिकेजवळ हे ज्ञान होते, तिची नोंद कोठेच नव्हती; आणि ती निवृत्त झाली की तिच्या जागी येणारा तरुण शिक्षक ५२ पाहून पुन्हा पहिल्यापासून चकित होणार.

शिक्षकांनी कामाच्या जागी शिकण्याची एक जुनी आणि व्यवस्थित रीत जपानमध्ये आहे. तिला तेथे ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणजे ‘पाठाचा अभ्यास’ म्हणतात. तिची मुळे एकोणिसाव्या शतकात जातात. बाहेरच्या जगाचे लक्ष तिच्याकडे विशेषेकरून वेधले ते स्टिगलर आणि हीबर्ट यांच्या १९९९ सालच्या ग्रंथानंतर. काही शिक्षक मिळून एकच पाठ निवडतात. त्याची आखणी इतकी बारकाईने करतात की आपल्याला नवल वाटावे. पहिलीला हातच्याची वजाबाकी शिकविताना पहिले उदाहरण १३ − ९ घ्यावे की १२ − ७, यावर ते बराच वेळ घालवितात. कारण आकडा बदलला की मुलाच्या विचाराची वाट बदलते. १३ मधून ९ काढताना दहातून नऊ काढून उरलेला एक तिनात मिळविणे सहज सुचते. ११ मधून २ काढताना मूल बोटांवर मागे मोजत जाते आणि दहाचा विचारच करीत नाही. पाठ ठरला की एक शिक्षक तो घेतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून पाहतात. पाहतात ते शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे. मग चर्चा, दुरुस्ती, आणि दुसऱ्या वर्गात तोच पाठ पुन्हा. शेवटी अहवाल लिहितात. असे अहवाल तेथे पुस्तकांच्या दुकानांतही मिळतात.

यांतील मर्म असे की, पाठ सर्वांचा असतो. तो फसला तर आखणी फसली. शिकविणाऱ्याची मान खाली जात नाही. आपल्याकडे दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकणारा म्हणजे तपासणी करणारा, असे समीकरण इतके रुजले आहे की शेजारच्या वर्गातील शिक्षकबंधूही दारातूनच बोलतो. जपानी शाळेत रचनाही साथ देते. शिक्षकांसाठी एक सामाईक दालन असते, त्यात प्रत्येकाचे मेज असते आणि एका इयत्तेच्या शिक्षकांची मेजे जवळजवळ मांडलेली असतात. मेजे कोठे मांडावी, ही बाब क्षुल्लक दिसते खरी. पण कोण कोणाशी रोज बोलणार, हे तीच ठरविते.

आपल्या शाळांची घडण वेगळी आहे, हे विसरून चालणार नाही. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता असतील तेथे एकाने वर्ग घ्यावा आणि इतरांनी पाहावे, हे रोज जमणारे नाही. पण आपल्या रचनेत एक जागा आधीच आहे, ती म्हणजे केंद्रातील मासिक शिक्षण परिषद. आठ-दहा शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसतात, हे लहानसहान भांडवल नव्हे. त्या वेळाचे होते काय, ते वाचकांना सांगावयास नको. माहितीचे तक्ते, राहिलेल्या नोंदी, नव्या योजनांच्या सूचना यांतच दुपार सरते. आणि खरा संवाद होतो तो जेवणाच्या डब्यांभोवती किंवा परतताना रस्त्यावर. म्हणजे झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची न्याहारी आपल्याकडेही आहे. तिला कार्यक्रमपत्रिकेत स्थान तेवढे नाही.

कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपचे गट आहेत ना! आहेत, आणि त्यांवर चांगल्या गोष्टीही येतात. परंतु सकाळी आलेली युक्ती संध्याकाळपर्यंत परिपत्रकांच्या आणि शुभेच्छांच्या लोंढ्यात वाहून जाते. ती कोणी वर्गात करून पाहिली काय, कोणत्या मुलांना लागू पडली, कोणाला नाही, हे कोठेच राहत नाही. न पडताळलेली युक्ती आणि पडताळलेली युक्ती तेथे एकाच मोलाने फिरतात.

तेव्हा एक प्रयोग सुचवावासा वाटतो. पुढील शिक्षण परिषदेतील पहिला तास, कागदपत्रांची बोलणी निघण्यापूर्वी, या कामासाठी राखून ठेवावा. पहिलाच, कारण शेवटचा तास हा कधीच उरत नाही. प्रत्येक शिक्षकाने येताना आपल्या वर्गात वारंवार दिसणारी एकच चूक लिहून आणावी: मूल नेमके काय लिहिते किंवा म्हणते, तसे ते का करीत असावे, आपण काय करून पाहिले, आणि पुढे काय घडले. अर्ध्या पानाहून अधिक नको. उपाय साधला नसेल तरी लिहावे. फसलेल्या उपायाची नोंद दुसऱ्याचे चार आठवडे वाचविते. खाली स्वतःचे नाव घालावे. हे कागद कोणत्याही मूल्यमापनास जोडू नयेत, आणि हे चालकांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. एरवी ‘आमच्या वर्गात चुका होत नाहीत’ असे सुबक अहवाल जमतील आणि प्रयोग तेथेच संपेल.

मग त्यांतील दोन किंवा तीन नोंदी निवडून दुसऱ्या शाळांतील शिक्षकांनी त्या महिनाभर आपल्या वर्गांत करून पाहाव्यात आणि पुढच्या परिषदेत त्याच कागदाच्या पाठीवर आपला अनुभव लिहावा, त्याखाली आपलेही नाव घालावे. दोन वर्गांत उतरलेली नोंद एका जाड वहीत विषयवार उतरवून घ्यावी. ही वही केंद्रशाळेत, कुलूप नसलेल्या कपाटात असावी. बदलून आलेल्या शिक्षकाला रुजू होण्याच्या दिवशी हजेरीपुस्तकाबरोबर ती दाखवावी, आणि निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेच्या निरोपसमारंभाच्या आधी, शाल-श्रीफळाची तयारी चालली असताना, एखाद्या तरुण सहकाऱ्याने तिच्याजवळ दोन दुपारी वही घेऊन बसावे. काय विचारावे असा प्रश्न त्याला पडल्यास, पंचवीसपासून आरंभ करावा.